न गंजलेला पत्रा

त्या पत्र्यावर गंज चढायला हवा होता. त्याचं काम तेवढंच होतं. तळहाताएवढा साध्या पोलादाचा तुकडा, त्याला ना रंग, ना लेप. दिवाळीपासून श्रावणापर्यंत वसईतल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात उघडं पडून त्याने सडायचं, पोपडे धरायचे, हातात घेतला तर बोटं तांबडी करायची. तो आमच्या गाळ्यात माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात वरची ट्यूबलाइट दिसत होती.

हे लिहिताना मला अजून राग येतो. मालकाचा येतो, स्वतःचा त्याहून जास्त येतो, आणि जिचा येऊ नये त्या बाईचाही थोडा येतो. राग ओसरल्यावर लिहू असं ठरवून बरेच दिवस थांबलो. तो ओसरत नाही.

वसई पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांच्या ज्या रांगा आहेत, त्यातल्या एका गाळ्यात मी नोकरी करतो. धातूच्या वस्तू गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर लेप चढवायचा, हा आमचा धंदा. पंपाचे भाग, व्हॉल्व्ह, औषध कंपन्यांच्या टाक्यांची झाकणं. चढवलेला लेप टिकतो की नाही हे तपासणं माझ्याकडे. मालक आणि मी डिप्लोमाला एका वर्गात होतो. तो मला अजून अरे म्हणतो. मी त्याला गाळ्यात सर म्हणतो आणि सवयीने बाहेरही सरच म्हणतो.

मग आमच्याकडे विमानाचं काम आलं. विमान म्हणजे अख्खं विमान नव्हे. शिकाऊ वैमानिकांना ज्या जेटवर शिकवतात, ते जेट विमानवाहू नौकेवर उतरवता यावं म्हणून त्यात बदल करायचे होते. काम फार मोठं, अनेकांत वाटलेलं. वाटणीची वाटणी होत होत आमच्यापर्यंत पोचला तो त्याच्या पायांवरचा लेप. पाय म्हणजे चाकांना धरून ठेवणारे पोलादी दांडे.

जमिनीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी विमानाचं नाक हलकेच उचलतो आणि चाकं अलगद टेकवतो. पुढे लांबच लांब धावपट्टी असते. नौकेवर धावपट्टी नसतेच, डेकचा तुकडा असतो, आणि तो लाटांबरोबर खालीवर होत असतो. तिथे अलगद उतरायला गेलात तर तार चुकते. म्हणून विमान ज्या उतारावर येत असतं त्याच उतारावर सरळ डेकवर आपटवायचं. शेपटीखालचा आकडा आडव्या बांधलेल्या तारेत अडकतो आणि विमान हिसका खाऊन थांबतं. आकडा नाही अडकला तर तसंच पुन्हा आकाशात जायचं, म्हणून चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिनाला पूर्ण जोर देतो. जे विमान अलगद टेकण्यासाठी बनवलं, त्याला आता आपटायला शिकवायचं. त्यासाठी त्याचे पाय जाड करायचे, कणा मजबूत करायचा, आकडा बसवायचा. आणि हे सगळं सतत खाऱ्या हवेत. त्या जातीच्या कडक पोलादाला मिठाने टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पाडला तरी पुरतं. खड्ड्यातून भेग सुरू होते, ती वरून दिसत नाही, आणि एक दिवस आपटताना पाय मोडतो. आत बसलेलं असतं तेवीस-चोवीस वर्षांचं पोर, समुद्रावर पहिल्यांदा उतरणारं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे तुझ्या रंगावर त्या पोराचा जीव?"

"रंग नाही, लेप."

"बरं, लेप. मग बाल्कनीच्या ग्रीलला तोच लाव. दर वर्षी पोपडे निघतात."

नायगावला आमच्या टॉवरमध्ये बातमी पसरायला लिफ्टचा एक फेरा पुरतो. "काय साहेब, आज कुठलं विमान रंगवलं?" असं वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे विचारायचे. मी हसायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आयुष्यभर टाक्यांची झाकणं तपासलेल्या माणसाला विमानाचा पाय मिळाला होता.

लेप तपासायला आमच्याकडे एक पेटी आहे. तिच्यात खाऱ्या पाण्याचा फवारा अखंड चालू असतो, नमुने आत टांगायचे. पण ज्या कंपनीने आम्हाला काम दिलं होतं तिथल्या इंजिनीअर बाई म्हणाल्या की पेटी पुरे नाही, खरा समुद्र हवा. ऊन, दव, वारा, पाऊस, सगळं खरं. लेप चढवलेल्या पत्र्यांवर धारदार टोकाने फुलीसारखी चीर पाडायची आणि चिरेतून गंज लेपाखाली किती सरकतो ते पाहायचं. सोबत एक कोरा पत्रा ठेवायचा. कोरा पत्रा सडला म्हणजे समुद्राने आपलं काम केलं हे कळतं. मग लेपवाल्यांबद्दल बोलता येतं.

जागा मी शोधली. आमच्या टॉवरच्या गेटवर मासे घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत, पाचूबंदरच्या. घर अगदी किनाऱ्याला, समोर बोंबील वाळवायच्या बांबूच्या आडव्या काठ्या, पलीकडे होड्या. माझं त्यांच्याशी बरंच जुनं बोलणं. मी भाव केला की त्या म्हणायच्या, "दादा, तुमचा चष्मा काढून द्या नि अख्खी पाटी घेऊन जा." त्यांच्या अंगणात, बोंबलांच्या काठ्यांच्या बाजूला लोखंडी घोडी रोवायची परवानगी मी मागितली. तिच्यावर पत्रे तिरके बसवायचे, तोंड समुद्राकडे.

"कशाला ओ?" त्यांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "ऑफिसचं काम आहे, मावशी. पोरं, मांजरं लांब ठेवा. कोणी नेऊ नका म्हणावं."

इथेच मला दात ओठ खावेसे वाटतात. कंपनीने सांगितलं होतं की नकाशे बाहेर जाऊ देऊ नका. एवढंच. मालकाने त्याचं केलं, कोणालाही कशाबद्दलही एक अक्षर बोलायचं नाही. त्याने गाळ्याच्या दाराला परवानगीशिवाय प्रवेश नाही अशी पाटी लावली आणि चहावाल्याला बाहेर उभं करू लागला. मोठं झाल्यासारखं वाटत होतं त्याला. मलाही वाटत होतं, नाहीतर मी मावशींना एक वाक्य सांगितलं असतं. हे पत्रे गंजतात का ते बघायचंय. एक वाक्य. टॉवरच्या वॉचमनला विमानाचं काम माहीत होतं, आणि जिच्या अंगणात घोडी होती तिला नव्हतं.

फोटो पाठवायचं काम मावशींच्या सुनेने घेतलं. दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर फोटो यायचा, मी तो इंजिनीअर बाईंना पुढे पाठवायचो. आमच्याकडे गाळ्यांना सुट्टी शुक्रवारी. नायगावहून पाचूबंदर म्हणजे स्कूटरवरची एक फेरी. मी गेलो नाही. आधी म्हटलं थंडी संपू दे, मग ऊन फार, मग पावसात तिकडे काय जायचं. फोटो येत होते ना. फोटोत पत्रे चकचकीत दिसायचे. मी मोठा करून कधी बघितला नाही. ओले असतील, असं एकदा मनात आल्याचं आठवतं. तेवढा विचार पुरला मला.

नारळी पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी गाळ्यातला माणूस टेम्पो घेऊन गेला आणि पत्रे सोडवून घेऊन आला. सगळे टेबलाभोवती जमले. लेपवाल्या पत्र्यांवर एक फोड नाही. चिरांमधून गंज केसभरही सरकलेला नाही. मालकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

"बघितलंस? आपला लेप! मी म्हणत नव्हतो?"

मी कोरा पत्रा उचलला. उलटापालटा करून पाहिला.

"काय झालं?"

"सर, हा गंजलेला नाही."

"मग चांगलंच आहे की."

"याच्यावर लेपच नाही. हा गंजायलाच ठेवला होता."

मालक मूर्ख नाही. त्याला कळायला क्षणभर लागला आणि पुढच्या क्षणी त्याने न कळल्याचं ठरवलं. पत्रा माझ्या हातून घेऊन त्याने उजेडात फिरवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा काय, हा काय गंज! लाल आहे की नाही? आंधळा आहेस का?"

कोपऱ्यात, घोडीची क्लिप बसायची तिथे, लाल ठिपका होता खरा. मी त्यावरून अंगठा फिरवला. ठिपका माझ्या अंगठ्यावर आला. गंज असा येत नाही. मी वास घेतला. तेलाचा वास होता. आणि तो रंग ओळखायला मला डिप्लोमा लागणार नव्हता. ते कुंकू होतं.

मी तडक पाचूबंदरला गेलो. मावशी ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या, सून आत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "मावशी, त्या पत्र्यांना कोणी हात लावला?"

"कोनी नाय. मी कोनाला लावू देतेय?"

"मग कुंकू?"

"ते मी लावला." त्या हसल्या. "पुनवेला होडीची पूजा केली. इंजिनाला लावला, घमेल्याला लावला, तुमचे पत्रे काय पाप केले? त्यांना पन लावला. नारळ फोडला त्याचा पानी पन शिंपडला."

"आणि तेल?"

"ते तर पयल्यापासून. गोड्या पान्यानं धुवायचा नि ऑइलचं फडकं मारायचा. इंजिनाचा होतो तेव्हाच तुमचा पन. आठवड्याला."

मी ओरडलो. मला आठवतं त्याप्रमाणे माझे शब्द होते, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?"

त्यांच्या हातातला जवळा सुपात पडला. सून दारात आली.

"कोनी सांगायला कशाला लागतो?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्त लागलं. "दर्याच्या तोंडावर लोखंड ठेवला नि पुसला नाय तर सडेल, एवढा लहान पोराला कलतो. तुमी आमच्या दारात ठेवून गेलात. परत तोंड दाखवला नाय. मी म्हटला, मानूस कामात असेल, त्याची वस्तू आपल्या भरोशावर हाय. लोक काय म्हनतील, कोल्यांच्या दारात वस्तू ठेवली नि कुजवून परत दिली?"

"ती कुजवायलाच ठेवली होती!"

"काय?"

"गंजते का ते बघायला. तेच बघायचं होतं."

मावशींनी सूप बाजूला सारलं. सून म्हणाली, "अगं बाई." मग मावशी उठल्या आणि जे बोलल्या त्यातलं सगळं मी इथे लिहू शकत नाही. सड धरायची वस्तू माणसाच्या दारात आणून ठेवतात का, तेही न सांगता, तेही जिथून होड्या दर्यावर जातात त्या अंगणात? मी त्यांची होडी पूजेच्या दिवशी कुजणाऱ्या लोखंडासमोर उभी केली होती. "तुमच्या त्या टावरात देव्हाऱ्याशेजारी ठेवाल का मेलेला उंदीर? वास कधी येतो ते बघायला?"

मी निघालो. वाटेतल्या पुलाच्या अलीकडे स्कूटर बाजूला घेऊन थांबलो आणि तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की काय झालंय. आम्ही वर्षभर समुद्राची परीक्षा घेतली नव्हती. मावशींच्या फडक्याची घेतली होती. लेप टिकला नव्हता, मावशींनी त्याला टिकवला होता. आणि पुढच्या आठवड्यात तो लेप खऱ्या पायांवर चढायचा होता.

दुसऱ्या दिवशी मालकाला सगळं सांगितलं. त्याने केबिनचं दार लावलं.

"हे बघ. लेपवाले पत्रे पास आहेत. डोळ्यांनी दिसतंय. कोरा पत्रा वाऱ्याने सुटून समुद्रात गेला, असं लिहायचं. किनाऱ्यावर होतं असं."

"सर, विमानाचा पाय आहे तो."

"मला शिकवू नकोस. पेटीत पास झालाय ना लेप?"

"पेटीत पुरत नाही म्हणूनच तर..."

"अजून एक वर्ष? एवढं थांबतील ते आपल्यासाठी? गाळ्यातल्या सगळ्या पोरांचं काय करू, तू सांग." मग तो खुर्चीत मागे रेलला. "आणि तुला एवढं खरं बोलायची हौस असेल तर खरंच लिहू. एका स्थानिक कोळी बाईने नमुन्यांत छेडछाड केली. संरक्षणाचं काम आहे. चौकशी लागेल तिच्या मागे. घरी पोलीस जातील. चालेल तुला?"

मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. खोटं नाही सांगत, टेबलावरचा पेपरवेट माझ्या डोळ्यांसमोर होता. बावन्न वर्षांच्या माणसाने असं लिहू नये, पण वाटलं. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "बघू, सर." एवढा राग आतून उसळत असताना माझ्या तोंडातून निघाले ते हे दोन शब्द. घरी येऊन बायकोवर चिडलो, भाजीत मीठ जास्त म्हणून. ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे. तुझं काय चाललंय ते सांग." मी नाही सांगितलं.

शुक्रवारी सुट्टी होती. मी पुन्हा पाचूबंदरला गेलो. मावशींना सावध करायला चाललोय असं मी स्वतःला सांगितलं होतं. आता वाटतं, मला कोणीतरी म्हणायला हवं होतं की तुमचा काही इलाज नव्हता. मावशींनी मला बसायलाही सांगितलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मालक काय लपवणार आहे ते, आणि लपलं नाही तर कोणावर ढकलणार आहे तेही.

"माझा नाव लिवनार?"

"नाव नाही, पण..."

"पोलीस?"

"धमकी आहे ती, मावशी. मी बघतो काय करायचं."

"तुमी बघताय." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "बघ गं, दादा बघतायत. दिवाळीपासून बघतायत." मग माझ्याकडे वळल्या. "ज्यांना फोटू पाठवता त्या कोन?"

"इंजिनीअर बाई आहेत. कंपनीच्या."

"लावा फोन."

"मावशी, असं नाही करता येत. आधी मला नीट..."

"मी चोरी नाय केली. मी लपनार नाय. लावा नाय तर सून लावेल, फोटूवर नंबर असेल."

नंबर सुनेकडे नव्हता. मी नाही म्हणू शकलो असतो. मी फोन लावला. धैर्य म्हणून नाही, त्या दोघींसमोर आणखी एकदा "बघू" म्हणायची मला लाज वाटली म्हणून. बाईंनी उचलला. मी नमस्कार म्हणायच्या आत मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला, तोंडासमोर आडवा धरला आणि बाजारात लांबच्या गिऱ्हाइकाशी बोलतात तशा बोलू लागल्या. सुनेने हात घालून स्पीकर लावला.

"हॅलो मॅडम. मैं पाचूबंदर से बोलती, वसई. वो पत्रे मेरे घर पे थे ना, उसको मैंने धोया. मीठे पानी से. और ऑइल मारा. हर हफ्ता."

मावशींनी फोन कानाशी नेला आणि पुन्हा आडवा धरला.

"सुनती है ना?"

"हाँ. सुन रही हूँ. कब से किया आपने?"

"पयले दिन से. मेरे को किसी ने बोला नहीं, उसको सडाने का है. बोला होता तो मैं रखने को देतीच नहीं. अभी इनका शेठ बोलेगा, कोली बाई ने खराब किया. खराब किया मैंने. पन छुप के नहीं किया. फोटो में देखो, सब चमकता है. चमकता है तो मैंने पुसा है ना, अपने आप कैसे चमकेगा?"

सून तोंडावर पदर धरून उभी होती. हसत होती की घाबरली होती, मला कळलं नाही.

"आपके साथ कौन है?" पलीकडून विचारलं.

"ये दादा है. चष्मेवाला. उसको पूछो तुम." आणि फोन माझ्या पुढे आला.

त्या बाई माझ्या मुलीएवढ्या आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही. कोरा पत्रा कुठे आहे, विचारलं. मी सांगितलं, माझ्या ड्रॉवरमध्ये, चकचकीत. मग त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः शेवटचं कधी जाऊन पाहिलं होतं?

"लावले त्या दिवशी," मी म्हणालो.

"उसके बाद?"

"नाही. फोटो बघत होतो."

"फोटो तो मैं भी देख रही थी," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्या क्षणी त्यांनाही स्वतःचा राग आला असावा, पण तो माझा अंदाज. मग म्हणाल्या, पायांचं काम आजपासून थांबलं. झालेलं सगळं रात्रीपर्यंत तुमच्याकडून लिहून हवं, मालकांकडून नको. आणि त्या मावशींना सांगा, त्यांना कोणी काही विचारायला येणार नाही.

फोन बंद झाला. मावशी सुपापाशी जाऊन बसल्या, पण जवळा निवडेनात.

"कसले पाय?" त्यांनी विचारलं.

आणि मग मी सगळं सांगितलं. जे दिवाळीत सांगायला हवं होतं ते, अगदी पहिल्यापासून. दर्यात उभ्या असलेल्या नौकेबद्दल, आपटून उतरणाऱ्या विमानाबद्दल, तारेबद्दल, मिठाने पडणाऱ्या बारीक खड्ड्याबद्दल, आणि आत बसलेल्या शिकाऊ पोराबद्दल. मावशींचे दोन्ही मुलगे त्या वेळी बोटीवर होते.

"दर्यावरून परत यायला पोराला तेवढीच जागा?" त्यांनी विचारलं.

"तेवढीच."

"नि ह्याच्यासाठी ठेवला होता तो पत्रा."

"हो."

"आनि हे तुमी मला सांगितला नाय." आता मात्र त्यांचा आवाज चढला, शेजारच्या ओट्यावरची बाई वळून बघू लागली. "कोनाला सांगनार होते मी? बोंबलांना? माझी पोरं दर्यावर असतात, मला कलला नसता काय? फडक्याला हात नसता लावला मी! पुनवेला कुंकू लावायला पन उठले नसते! तुमाला वाटला, कोलीन हाय, तिला काय सांगायचा!"

मी म्हणालो, तसं नव्हतं, वरून हुकूम होता. म्हणत असतानाच मला कळत होतं की तसंच होतं. हुकूम वॉचमनसाठी नव्हता, सेक्रेटरीसाठी नव्हता. फक्त त्यांच्याच अंगणात तो मला आठवला होता.

"घोडी काढून न्या," त्या म्हणाल्या. "आजच."

सुनेने घरातला पाना आणून दिला. मी बोल्ट सोडवले, घोडीचे पाय वाळूतून उपसले, खड्डे हाताने बुजवले. मावशी तिथे थांबल्या नाहीत. घोडी स्कूटरवर आडवी बांधताना शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं ओ? मी दोरी आवळत राहिलो. सूनच म्हणाली, "काय नाय. ऑफिसचं काम."

त्या रात्री मी लिहून पाठवलं. शनिवारी मालकाने गाळ्यात सगळ्यांसमोर मला जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि या वेळी मीही बोललो. इतकं की लेप फवारणाऱ्या पोरांनी मशीन बंद केली. त्याने मला काढलं नाही, कारण पेटी दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही. मी सोडलंही नाही. मावशी आमच्या गेटवर अजून येतात. बायकोला मासे देतात. मी खाली गेलो तर पाटी झाकतात आणि पुढच्या टॉवरकडे जातात.

चाचणी पुन्हा सुरू झाली आहे, दुसऱ्या कुठल्यातरी किनाऱ्यावर. बघायला कंपनीची माणसं असतात. मालक भेटेल त्याला सांगत सुटलाय की आमचा लेप एक नंबर होता, एका कोळणीने आणि एका भित्र्याने घालवला. भित्र्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लेप एक नंबर होता हे तो कशावरून सांगतो? त्याला माहीत नाही. मलाही नाही. तेच कळावं म्हणून आम्हाला वर्ष दिलं होतं, आणि तेवढं वर्ष ते शिकाऊ पोर जमिनीवरच्या धावपट्टीवर अलगद उतरत राहिलं.